वरच्या पाड्याची सावड

मी आयुष्यभर नेमकं काय केलं, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या गावी, साखरशेतात, कुणी विचारलं की ती सांगायची, "तो विंजनेर हाय, पन बांधत काय नाय. कागदावर रेघा मारतो." माझ्या कामाचं याहून चोख वर्णन कुणी केल्याचं मला तरी ठाऊक नाही. निवृत्तीच्या समारंभात एका वक्त्याने मला 'प्रकल्प व्यवस्थापनाचे प्रणेते' म्हटलं, तेव्हा शेजारी बसलेली बायको कानाशी म्हणाली, "प्रणेत्यांना सांगा, घरातला गिझर कधीपासून बंद आहे." मी टाळ्या वाजत असतानाच खाली मान घातली. लोकांना वाटलं, विनय आहे.

शिक्षणाने मी स्थापत्य अभियंता. सुरुवातीची वर्षं सिमेंट, खडी आणि सळया यांच्यात गेली. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पाणीपुरवठ्याची कामं करताना माझ्या लक्षात आलं, की आपली कामं सिमेंटवाचून अडत नाहीत, क्रमावाचून अडतात. सिमेंट येतं तेव्हा वाळू नसते, वाळू येते तेव्हा मजूर गेलेले असतात, आणि सगळं जुळून येतं तेव्हा आभाळ भरून आलेलं असतं. त्या काळात आमच्या खात्यात या विषयावर कुणी बोलत नव्हतं. मी एका प्रशिक्षणाला गेलो आणि अंगात वारं आल्यासारखा परत आलो. मग प्रत्येक कामाचा तक्ता करायचा, कामांना रेघांनी जोडायचं, भिंतीवर टांगायचं, हे सुरू झालं. सहकारी मला तक्तेवाले म्हणू लागले. पुढे त्यांचीच मुलं माझ्याकडे हा विषय शिकायला आली.

बाहेरच्या माणसाला हा धंदा समजावून सांगायचा तर मी राबाचं उदाहरण देतो. आमच्याकडे उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. त्या भाजलेल्या जागी बी पेरायचं, रोप हाती येण्याजोगं झालं की उपटून दुसऱ्या शेतात लावायचं. ही आवणी. राब चुकला तर पेरणी चुकते, पेरणी चुकली तर आवणी चुकते, आणि आवणी चुकली की वर्ष गेलं. कुंपणाचं मात्र तसं नाही, ते आज घातलं काय आणि आठवड्याने घातलं काय. कोणतं काम थांबू शकतं आणि कोणतं थांबू शकत नाही हे आधी ओळखायचं, एवढाच माझा विषय. बाकी सगळी इंग्रजी नावं फी वसूल करण्यासाठी असतात.

या विषयाने मला पुष्कळ करमणूकही दिली. माझ्या पहिल्या तक्त्यात मी फाल्गुनाच्या जागी एक जाड पट्टा काढून त्यात 'होळी' असं लिहिलं होतं. पुण्याहून आलेल्या वरिष्ठांनी त्यावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"होळी, सर."

"होळीला एक दिवस सुट्टी असते."

"पुण्यात असते, सर."

त्यांनी तो पट्टा खोडला. आमच्या भागात दिवाळी झाली की माणसं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर मजुरीला बाहेर पडतात. त्याला इथे 'जगायला जाणं' म्हणतात. जगायला गेलेली ती माणसं होळीला मात्र असतील तिथून परत येतात आणि मनासारखी होळी झाल्याशिवाय कुणाच्या कामाला हात लावत नाहीत. वरिष्ठ त्या वर्षी नेमके होळीच्या सुमारास पाहणीला आले. साइटवर एक मुकादम आणि एक कुत्रा, एवढेच हजर होते. पुढच्या वर्षी तो पट्टा त्यांनी स्वतः काढला, माझ्याहून जाड.

आणखी एक होते बापू कंत्राटदार. माणूस उत्साही, पण क्रमाचा शत्रू. त्यांनी खोडाळ्याकडच्या एका कामावर पंपघर आधी बांधून, रंगवून, दारावर तोरण लावून ठेवलं. पंप आला तो दारातून आत जाईना. बापू शांतपणे मला म्हणाले, "साहेब, आता दार पाडायला लागेल. तुमच्या तक्त्यात दार पाडणं कुठे बसतं, तेवढं दाखवा." मी ते बसवलं. असे किस्से सांगत मी राज्यभर हिंडलो, व्याख्यानं दिली, हशा वसूल केला. पण ज्या कामासाठी हे लिहायला बसलो आहे, त्याचा किस्सा करायला मला कधी जमलं नाही. खरं तर जमलं होतं, आणि तेच डाचतं.

मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या बाजूला एक गाव आहे. त्याचे दोन पाडे. खालचा पाडा ओढ्याच्या अंगाला, वरचा पाडा डोंगराच्या सोंडेवर. उन्हाळ्यात दोन्हीकडे पाण्याची वानवा. खालच्या बायका ओढ्यातल्या डबक्यावर जायच्या, वरच्या बायका तेच डबकं गाठण्यासाठी सगळी चढण उतरून यायच्या आणि हंडे घेऊन पुन्हा चढायच्या. वैशाखात वर टँकर जायचा, तो आला की भांडणं आणि नाही आला की शांतता. तिथे नळयोजना मंजूर झाली आणि आराखडा माझ्याकडे आला. ओढ्याकाठी विहीर, पंप, नळ आणि टाकी, असं काम होतं.

टाकी वर बांधायची, म्हणजे पाणी आधी वरच्या पाड्याला आणि तिथून उताराने खालच्या पाड्याला, हा सरळ मार्ग. पण तेवढं उंच पाणी चढवणारा पंप मार्चच्या आत मिळत नव्हता, आणि मार्चच्या आत पैसे खर्ची पडले नाहीत तर ते परत जातात हे सरकारी नोकरीत दिवस काढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणून मी कामाचे दोन टप्पे केले. येत्या उन्हाळ्यात लहान पंप आणि खालच्या पाड्यावर टाकी. पावसाळ्यानंतर दुसरा पंप आणि तिथून वर. चर खणायला दोन्ही पाड्यांनी श्रमदान करायचं होतं. हे सांगायला मी दिवाळीआधी शाळेच्या पडवीत दोन्ही पाड्यांची बैठक बोलावली.

खालच्या पाड्याकडून बोलायला लक्ष्मण होता. माझ्याच वयाचा, सावकाश बोलणारा, बोलण्याआधी समोरच्याचं ऐकून घेणारा शेतकरी. वरच्या पाड्याकडून बरीच माणसं होती, पण बोलायची जानीबाई. नवरा वारलेला, एक मुलगा, थोडी नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती, आणि कुणाच्या बापाला न भिणारी जीभ. मी साखरशेतचा हे कळल्यापासून तिने मला कधी साहेब म्हटलं नाही.

तिने पहिलाच प्रश्न विचारला, "साखरशेतच्या, पानी वरून खाली येल का खालून वर चढंल?"

"वरून खाली, मावशी."

"मंग टाकी वर बांध ना. खालच्यांना आपोआप पोचंल."

मी पंपाचं सांगितलं, मार्चचं सांगितलं. तिने ते नीट ऐकलं. तिच्या मागचा एक जण म्हणाला, "पानी खालच्यांना, मंग आमी खनायला कशाला येयाचा?" पडवीत कुजबुज वाढली. लक्ष्मण खाली बघत होता.

तेव्हा मला सावड आठवली. आवणीला आमच्याकडे कुणी एकट्याने राबत नाही. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी नाही, ज्याचं शेत त्याने जेवण घालायचं. ज्याच्या शेतात आधी पाणी साठतं त्याची आवणी आधी, त्यावर कुणी वाद घालत नाही. मात्र ज्याचं आधी झालं त्याने शेवटच्या शेतापर्यंत यायचं. भाताची आवणी आधी होते, डोंगरउतारावरच्या नागलीची मागून. त्यामुळे शेवटचं शेत बहुधा वरच्या माणसाचंच असतं, आणि खालची माणसं तिथवर चढून जातात. लहानपणी मीही आईच्या मागे अशी कितीतरी शेतं लावली होती.

मी म्हणालो, "ही आवणीच समजा. खालच्या शेतात पाणी आधी साठतंय. वरचं शेत लागल्याशिवाय सावड संपायची नाही."

मागे कुजबुजणारी माणसं पुढे सरकून बसली. माझ्या तक्त्यातल्या कोणत्याही रेघेने असं काम कधी केलं नव्हतं. मला त्या क्षणी स्वतःचं फार कौतुक वाटलं.

जानीबाई म्हणाली, "सावडीत कोन कोन?"

"खालचा पाडा, वरचा पाडा, सरकार."

"सरकारला आवनी येते का?"

सगळे हसले, मीही हसलो. तिने हसू ओसरू दिलं.

"आनी तू?"

"मीही."

"मंग ठीक. तू सावडीत हायस. ध्यानात ठेव." एवढं बोलून ती उठली आणि वरचा पाडा तिच्यामागे उठला.

त्या वर्षी वरच्या पाड्यातली बरीच माणसं जगायला गेलीच नाहीत, चर खणायला थांबली. सकाळी सोंडेवरून उतरायची, कुदळी-पावडी घेऊन खालच्यांच्या बरोबरीने खणायची, संध्याकाळी हंडे घेऊन चढायची. दुपारचं जेवण खालच्या पाड्याने घातलं, रोज, भाकरी आणि उडदाचं भुजिंग, सावडीच्या रीतीने. पावसाआधी खालच्या पाड्यावर पाणी आलं. नारळ फुटला. पहिला हंडा लक्ष्मणने जानीबाईला भरायला लावला. मी तिचा फोटो काढला, नळाखाली हंडा, पदर खोचलेला, तोंडावर ऊन. माझ्या नोकरीत वेळेच्या आत पुरं झालेलं असं दुसरं काम नाही.

पावसाळा संपला तेव्हा दोन गोष्टी घडल्या. मला बढती मिळाली आणि राज्यभरच्या अभियंत्यांना प्रकल्प व्यवस्थापन शिकवायच्या कामावर नेमलं गेलं. आणि ती योजना गुंडाळली गेली. राहिलेले पाडे नव्या योजनेत घ्यायचं ठरलं, नव्या योजनेला नवं सर्वेक्षण लागणार होतं. हे दुसरं मला पुष्कळ उशिरा कळलं. त्यात कुणी कट केला नव्हता. सरकारी कामात दुसरा टप्पा म्हणजे वरातीमागून घोडं, तो निघतो पण पोचत नाही. हे मी दुसऱ्यांना शिकवत होतो.

शिकवताना मी त्या कामाचं उदाहरण द्यायचो. सावडीची गोष्ट सांगायचो, जानीबाईचा फोटो पडद्यावर दाखवायचो. तरुण पोरं टाळ्या वाजवायची. फोटोतली बाई वरच्या पाड्याची आणि नळ खालच्या पाड्याचा, हे त्यांतल्या कुणाला कळायचं कारण नव्हतं.

पुढे एकदा कामानिमित्त मोखाड्याला गेलो, त्या दिवशी बाजार होता. जीपच्या थांब्यावर लक्ष्मण भेटला. चहा पिता पिता त्याने सांगितलं, "साहेब, वरचा टँकरपन बंद झाला."

"का?"

"गावाला नळ हाय म्हनतात."

मी तसाच तालुक्याच्या कार्यालयात गेलो. तिथला तरुण अधिकारी एके काळी माझ्या वर्गात बसलेला. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अडचण नीट समजावली. सरकारदरबारी गाव एकच. गावाला नळयोजना आहे आणि ती चालू आहे. चालू योजनेच्या गावाला टँकर देता येत नाही. मी म्हणालो, पाडे दोन आहेत. तो म्हणाला, "मला माहीत आहे, सर. मी वर जाऊन आलोय. पण नियमाला चढण दिसत नाही." त्याच्या आवाजात वाईट वाटणं होतं, खोटं नव्हतं. म्हणजे आमच्या योजनेपूर्वी वरच्या पाड्याला निदान वैशाखात टँकर तरी मिळत होता, आता तोही नाही. मी त्यांना पाणी दिलं नाही एवढंच असतं तर एक वेळ ठीक होतं. असलेलं काढून घेतलं गेलं, आणि ते माझ्या यशामुळे.

त्यानंतर मी माझ्याकडून होतं ते केलं. अर्ज केले, भेटलो, ओळखी वापरल्या, निवृत्त झाल्यावर जव्हारला येऊन राहिलो आणि पुन्हा तेच केलं. निवृत्त माणसाला कार्यालयात चहा मिळतो, काम मिळत नाही. मला कुणी विचारलं, की पुन्हा तसाच प्रसंग आला तर काय करशील, तर मी तोच आराखडा करीन. वरच्या टाकीसाठी थांबलो असतो तर पैसे परत गेले असते आणि दोन्ही पाडे कोरडे राहिले असते. हिशेब चुकला नव्हता. फक्त त्या हिशेबाला मी सावड म्हणायला नको होतं. श्रमदान म्हणायचं होतं, टप्पा म्हणायचं होतं; सरकारी शब्दांवर आमच्या लोकांचा विश्वास नसतो आणि तो त्यांचा बचाव असतो. मी त्यांच्या घरातला शब्द काढून दिला. म्हणून ते थांबले, म्हणून त्यांनी खणलं.

आणि तो शब्द पाळला कुणी, तर खालच्या पाड्याने. हे मला लक्ष्मणने सांगितलं नाही, मी स्वतः पाहिलं. खालच्या नळावर सकाळी पाणी सुटलं की पहिला नंबर वरच्या बायकांचा. खालच्या बायका बाजूला उभ्या राहतात, त्यांचं झाल्यावर आपले हंडे लावतात. उन्हाळ्यात लक्ष्मण आणि त्याचे भाऊबंद पिंप भरून पिकअपमध्ये टाकतात आणि रस्ता जिथवर जातो तिथवर नेऊन देतात. त्यांच्याकडे कुणी तक्ता टांगलेला नाही. मी एकदा लक्ष्मणला म्हणालो, की तुम्ही फार करता. त्याला ते आवडलं नाही. "सावड हाय साहेब," तो म्हणाला, आणि विषय बदलला.

यंदाच्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. "साहेब, सगळ्यांची आवनी झाली. जानीकाकीची नागली ऱ्हायली. तिचा पोरगा भिवंडीला हाय, त्याला सुट्टी नाय. उद्या तिच्याकडं जायाचा."

"बरं," मी म्हणालो.

"तिनं तुमाला सांगायला सांगलाय."

बायको म्हणाली, गुडघ्यांचा विचार करा. मी केला, आणि सकाळच्या गाडीने खोडाळ्याला गेलो. तिथून लक्ष्मणबरोबर खालच्या पाड्यावर आणि मग सोंडेची चढण. ज्या चढणीची उंची मी किती वेळा कागदावर लिहिली होती, ती पायांनी चढताना मला चारदा बसावं लागलं. बरोबरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन बोलत बोलत पुढे गेल्या.

जानीबाई आता वाकली आहे, पण जीभ सरळच आहे. मला बघून म्हणाली, "आलास? उशीर केलास." तो उशीर सकाळचा की इतक्या वर्षांचा, हे मी विचारलं नाही. तिने माझ्या हातात रोपांची जुडी दिली आणि मी ओळीत उभा राहिलो. खालचा पाडा जवळजवळ सगळा होता. उतारावर चिखल, वरून भुरभुर पाऊस, कुणीतरी गाणं म्हणत होतं. माझी ओळ वाकडी जात होती. जानीबाई बांधावरून बघत होती. "ऱ्हाऊ दे," ती कुणालातरी म्हणाली, "उगवंल तशीपन."

दुपारी शेवटच्या कोपऱ्यातलं शेवटचं रोप लागलं. सगळे तिच्या अंगणात जेवायला बसले. नागलीची भाकरी, सुकटीची चटणी, भात. वरच्या पाड्याचा झरा पावसात वाहतो, पण गढूळ, त्यामुळे प्यायचं पाणी बारा महिने खालूनच येतं. सकाळी ज्या बायका माझ्या पुढे चढून गेल्या होत्या, त्यांच्या डोक्यावर तेच होतं. जानीबाईने लोटा भरून माझ्यासमोर धरला. मी घेताना कचरलो, ते तिला दिसलं.

"पी," ती म्हणाली, "तुझाच पानी हाय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मी पाणी संपवलं. मग कसंबसं विचारलं, "मावशी, फिटली का सावड?"

तिने माझ्या चिखलाने भरलेल्या हातांकडे पाहिलं, मग खाली उतारावरच्या नव्या नागलीकडे.

"शेताची फिटली," ती म्हणाली, आणि लोटा परत घ्यायला हात पुढे केला.